बागाईतदाराची जुनी मालमोटार : दुरुस्त करावी की बदलावी ?

नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, कळमेश्वर व सावनेर हे तालुके संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहेत. आंबिया बहाराची फळे साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात व मृग बहाराची फळे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तोडणीस येतात. संत्रे झाडावरून उतरविल्यावर पुढे पिकत नाही. त्यातील ओलावा मात्र कमी होत जातो. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने हिसक्यांनी व दाबाने फळ लवकर दुखावते. यामुळे तोडणी व बाजार यांमधील वेळ जितका कमी तितका बागाईतदाराचा लाभ अधिक. या साखळीतील मुख्य दुवा म्हणजे मालमोटार होय. ती जुनी झाली म्हणजे तिच्यावर आणखी खर्च करावा की ती काढून दुसरी घ्यावी, हा प्रश्न प्रत्येक मालकापुढे केव्हातरी उभा राहतो. त्याचा विचार कोणत्या रीतीने करावा, हे प्रस्तुत लेखात सांगितले आहे.

मालक शहरात, मालमोटार बागेत

नागपुरातील रामदासपेठेत राहणारा व काटोल तालुक्यात बाग असणारा एक मालक उदाहरणादाखल घेऊ. घर व बाग यांमध्ये सुमारे साठ किलोमीटरचे अंतर आहे. मालमोटार चालकाच्या स्वाधीन असते आणि मालकाच्या हाती केवळ पावत्या येतात. आज चार हजारांची, पुढील महिन्यात नऊ हजारांची, दिवाळीनंतर पंधरा हजारांची. प्रत्येक पावती नव्या गाडीच्या किमतीपुढे क्षुल्लक दिसते, म्हणून प्रत्येक वेळी दुरुस्तीस संमती मिळते. अशा रीतीने वर्षभरात किती रक्कम गेली, हे मालकास वर्षाखेरीसही ठाऊक नसते. निर्णय घेतला जातो तो एकेका पावतीवर. वास्तविक तो संपूर्ण वर्षाच्या हिशेबावर घ्यावयास हवा.

मागील खर्च मोजू नये

पहिला नियम असा की, जो खर्च होऊन गेला तो या निर्णयात धरू नये. “गेल्या वर्षीच पंप नवा बसविला, टायर नवे घातले, आता गाडी कशी विकावी ?” असे पुष्कळ मालक म्हणतात. परंतु बैलबाजारात मागील वर्षी चारलेल्या ढेपेचा भाव कोणी विचारीत नाही. बैल आज कसा चालतो व पुढे किती चालेल, हेच पाहिले जाते. पंप व टायर यांमुळे गाडीची आजची विक्रीची किंमत वाढली असेल तर तेवढीच रक्कम हिशेबात घ्यावी. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज टर्बोर्ग यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात यंत्रबदलाचा विचार अशाच पद्धतीने मांडला. जुने यंत्र हे जागा राखू पाहणारे व नवे यंत्र हे त्यास आव्हान देणारे मानून दोघांच्या पुढील खर्चाची तुलना करावी, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हिशेबाची रीत

पुढील आकडे केवळ रीत समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. मालकाने त्यांच्या जागी स्वतःचे आकडे घालावेत.

जुनी गाडी चौदा वर्षांची असून वर्षाला १२,००० किलोमीटर चालते. तिची आजची विक्रीची किंमत ३,००,००० रुपये व एक वर्षानंतरची २,५०,००० रुपये आहे. इंजिन उतरवून बोअर करण्यास १,२०,००० रुपये लागतील आणि ते काम तीन वर्षे टिकेल. डिझेल लिटरला ९० रुपये व व्याजाचा दर शेकडा १० धरला आहे. गाडी बंद पडल्यास दिवसाला ६,००० रुपये भाड्याने दुसरी आणावी लागते.

जुन्या गाडीचा एका वर्षाचा खर्च :
किमतीतील घट — ५०,००० रुपये
गुंतलेल्या रकमेचे व्याज — ३०,००० रुपये
इंजिनकामाचा एका वर्षाचा वाटा — ४०,००० रुपये
इतर दुरुस्ती — ८०,००० रुपये
डिझेल, लिटरला ५ किलोमीटरप्रमाणे — २,१६,००० रुपये
विमा व कर — ४५,००० रुपये
बंद पडल्याने १० दिवसांचे भाडे — ६०,००० रुपये
एकूण — ५,२१,००० रुपये

नवी गाडी १६,००,००० रुपयांस घेऊन आठ वर्षांनी ५,६०,००० रुपयांस विकली, असे धरल्यास तिचा एका वर्षाचा सरासरी खर्च :
घसारा — १,३०,००० रुपये
सरासरी गुंतवणुकीवरील व्याज — १,०८,००० रुपये
दुरुस्ती — ६०,००० रुपये
डिझेल, लिटरला ६ किलोमीटरप्रमाणे — १,८०,००० रुपये
विमा व कर — ६५,००० रुपये
बंद पडल्याने २ दिवसांचे भाडे — १२,००० रुपये
एकूण — ५,५५,००० रुपये

या हिशेबाने जुनी गाडी वर्षाला ३४,००० रुपयांनी स्वस्त पडते. इंजिनकामाच्या १,२०,००० रुपयांच्या आकड्याने घाबरून जो मालक गाडी विकील, तो येथे तोट्यात जाईल. नवी गाडी रोख रकमेने घेतली तरी व्याज धरणे आवश्यक आहे. कारण तीच रक्कम ठिबक संचात, विहिरीत किंवा ठेवीत घातली असती तर तिचे फळ मिळाले असते.

चाल वाढली की उत्तर बदलते

हीच गाडी शेजारच्या बागांचा मालही नेऊ लागली व वर्षाला २४,००० किलोमीटर चालू लागली, तर हिशेब पालटतो. जुन्या गाडीचे डिझेल ४,३२,००० रुपये, इतर दुरुस्ती १,६०,००० रुपये, बंद दिवसांचे भाडे १,२०,००० रुपये आणि, इंजिनकाम दोनच वर्षे टिकेल असे धरून, त्याचा वाटा ६०,००० रुपये होतो. घट, व्याज, विमा व कर पूर्वीइतकेच धरले तरी एकूण ८,९७,००० रुपये लागतात. नव्या गाडीचा घसारा १,६०,०००, डिझेल ३,६०,०००, दुरुस्ती १,१०,००० व भाडे २४,००० रुपये धरल्यास एकूण ८,२७,००० रुपये होतात. आता नवी गाडी ७०,००० रुपयांनी स्वस्त आहे. यावरून दिसून येईल की, गाडीचे वय हा एकच निकष पुरेसा नाही. वर्षाची चाल तितकीच महत्त्वाची आहे.

उलट, चाल अगदी कमी असेल तर तिसरा मार्ग तपासावा. विदर्भातील अनेक बागाईतदार बहार झाडावरच व्यापाऱ्यास विकतात व तोडणी आणि वाहतूक व्यापारी करतो. अशा मालकाने खत व अवजारे आणण्यापुरती मालमोटार बाळगण्यापेक्षा ती विकून गरजेप्रमाणे भाड्याची गाडी लावणे बहुधा अधिक फायद्याचे ठरते.

हंगामातील एक दिवस

वरील हिशेबात एक मोठी बाब अद्याप आलेली नाही. भरलेली गाडी वाटेत बंद पडल्यास भाड्याची गाडी येईपर्यंत फळे हौद्यात उन्हात राहतात आणि दुसऱ्या गाडीत चढविताना आणखी दुखावतात. मृग बहाराच्या शेवटी, मार्च-एप्रिलच्या उन्हात, ही हानी विशेष होते. चार टन संत्री किलोला २० रुपये भावाची धरल्यास एका खेपेची किंमत ८०,००० रुपये होते. भाव एक-चतुर्थांश उतरला तर २०,००० रुपये गेले. असे दोनदा घडल्यास पहिल्या हिशेबातील ३४,००० रुपयांची बचत संपून तोटा लागतो. म्हणून मागील दोन हंगामांत गाडी भरलेली असताना किती वेळा बंद पडली, हा प्रश्न चालकास आवर्जून विचारावा व त्याचे उत्तर लिहून ठेवावे.

गाडीची तपासणी

हिशेबातील दुरुस्तीचा आकडा अंदाजाने न घेता जाणत्या मिस्त्रीकडून तपासणी करून घ्यावा. गरम इंजिनातून निळसर धूर येत असल्यास तेल जळत आहे, म्हणजे बहुधा रिंगा व लायनर झिजले आहेत, असे समजावे. काळा धूर नोझल, पंप किंवा हवेची गाळणी यांतील दोष दर्शवितो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर टिकत असेल तर आत पाणी शिरत असण्याचा संभव असतो. हे सर्व दोष खर्चाचे असले तरी दूर करता येतात. क्लच, गिअरपेटी व कमानपाटे यांचेही तसेच आहे.

चासीची गोष्ट निराळी आहे. कमानपाट्यांच्या आधारापाशी तडे जाणे, आडव्या पट्ट्या गंजून पातळ होणे, जोडकाम केलेली जागा पुन्हा उकलणे, ही लक्षणे दिसल्यास गाडीचा सांगाडाच थकला आहे असे मानावे. अशा गाडीत नवे इंजिन घालणे म्हणजे वाळवी लागलेल्या वाशांवर नवी कौले चढविण्यासारखे आहे. ब्रेक व स्टिअरिंग यांचे दोष वारंवार उद्भवत असतील तर फायद्या-तोट्याचा हिशेब बाजूस ठेवावा. त्या गाडीत चालक व क्लीनर बसतात. फळांवर मजुरांना बसविण्याची प्रथा तर सर्वथा बंद केली पाहिजे.

कायद्याच्या बाबी

माल वाहणाऱ्या गाडीस पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. यालाच व्यवहारात पासिंग म्हणतात. पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या पासिंगचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढविण्यात आले. गाडी चौदाव्या वर्षी असताना हा पुढील खर्च विसरू नये. गाडी नोंदणीकृत मोडणी केंद्रात दिल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते. त्यावर नव्या मालवाहू गाडीच्या मोटार वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये केली. शुल्क व सवलती वेळोवेळी बदलतात. म्हणून निर्णयापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चालू दर विचारून घ्यावेत.

नव्या गाडीविषयी एक सूचना आवश्यक आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा मानकाच्याच नव्या गाड्या विकल्या जातात. यांपैकी बहुतेक मोठ्या डिझेल गाड्यांत धुराच्या शुद्धीसाठी युरियाचे द्रावण निराळ्या टाकीत भरावे लागते. हे विशिष्ट शुद्धतेचे द्रावण विकतच घ्यावे. पिकास देण्याचा युरिया पाण्यात विरघळवून भरल्यास यंत्रणा निकामी होऊन मोठा भुर्दंड बसतो. तसेच या गाड्यांतील विद्युत् यंत्रणा तपासण्याची साधने जवळच्या गॅरेजमध्ये आहेत काय, याची खात्री आधी करावी.

निर्णय केव्हा घ्यावा

गाडी रस्त्यात उभी आणि फळे झाडावर तयार, अशा वेळी घेतलेला निर्णय सहसा महाग पडतो. मृग बहार संपल्यावर, मे-जून महिन्यांत, हे काम हाती घ्यावे. म्हणजे इंजिनकाम करावयाचे असो वा नवी गाडी आणावयाची असो, आंबिया बहारापूर्वी पुरेसा अवधी मिळतो. त्यासाठी गाडीत एक वही ठेवावी. तीत तारीख, किलोमीटर, भरलेले डिझेल, केलेली दुरुस्ती, दिलेली रक्कम व गाडी बंद राहिलेले दिवस यांची नोंद चालकाने करावी आणि मालकाने महिन्यातून एकदा ती पाहून खतावणीत उतरवावी. ज्यांच्याकडे अशी वही नाही त्यांनी ती येत्या आंबियाच्या पहिल्या खेपेपासून सुरू करावी. दोन हंगामांच्या नोंदी हाती आल्या म्हणजे वर दिलेला हिशेब मांडण्यास एक संध्याकाळ पुरेशी आहे.