बिनतारी संवेदकांचे जाळे आणि आपली उल्हास नदी

२७ जुलै २०१९ ची सकाळ बदलापूरकर सहजी विसरणार नाहीत. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुरात अडकली व हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी बोटी आणाव्या लागल्या. सुदैवाने सर्वजण सुखरूप सुटले. परंतु उल्हास नदी सह्याद्रीत उगम पावून कर्जत, नेरळकडून बदलापुरास येते; वर चढलेले पाणी येथे पोहोचण्यास काही अवधी लागतोच. त्या अवधीत पाण्याची वार्ता पाण्याआधी आपल्यापर्यंत पोहोचविणे, हे बिनतारी संवेदकांच्या जाळ्याचे एक मोठे कार्य होय.

संवेदक म्हणजे मोजमाप करणारे लहानसे उपकरण. पुलाखाली बसविलेला संवेदक पाण्याकडे आपल्या कानास ऐकू न येणारा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी परतण्यास लागलेला वेळ मोजतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर असतो. प्रतिध्वनी ०.०२ सेकंदात परतला, तर पाणी ३.४ मीटर खाली आहे, ०.०१ सेकंदात परतला, तर अवघे १.७ मीटर. हा आकडा रेडिओलहरींद्वारे शेजारच्या केंद्राकडे, तेथून पुढील केंद्राकडे आणि अखेर नियंत्रण कक्षाकडे जातो. तारच नसल्याने ती पुरात तुटण्याचे भय नाही; एखादे केंद्र वाहून गेले तरी, जवळपास दुसरे असल्यास, निरोप त्या वाटेने जाऊ शकतो. बॅटरी टिकावी म्हणून केंद्र बहुतेक वेळ निद्रिस्त ठेवतात. उन्हाळ्यात ते तासातून एकदा जागे झाले तरी पुरे. पाणी चढू लागताच मात्र दर मिनिटास जागे व्हावे, अशी योजना करता येते.

हेच जाळे वायू ओळखणारे संवेदक जोडून अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणाऱ्या वालधुनीच्या काठीही उपयोगी पडेल. २०१४ साली तिच्या पात्रातून पसरलेल्या विषारी वायूने शेकडो उल्हासनगरकरांना रुग्णालय गाठावे लागले होते. वास नाकापर्यंत येईतो उशीर झालेला असतो.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. मध्यरात्री नियंत्रण कक्षात आकडा उमटला आणि तो वाचून भोंगा वाजविणारे, नदीकाठच्या घरांची दारे ठोठावणारे कोणीच नसेल, तर सारे जाळे व्यर्थ होय. संवेदक कोठे बसवावेत हे विज्ञानशाखेचा विद्यार्थी सांगेल. इशारा कोणत्या वस्तीत, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या तोंडून पोहोचला म्हणजे लोक विश्वास ठेवून घर सोडतील, याचा अभ्यास आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीच करावयाचा आहे.