पेरणीचे बियाणे दळू नये : युद्ध आणि कॅथे कॉल्विट्झ यांची चित्रकला

युद्धाचे चित्र म्हटले की तोफा, घोडे आणि विजयी सेनापती डोळ्यांपुढे उभे राहतात. राजेरजवाड्यांनी चित्रकारांकडून बहुधा तेच काढून घेतले. परंतु युद्धाने ज्यांचे घर रिकामे होते त्यांचे चित्र कोणी काढायचे? जर्मन चित्रकर्ती कॅथे कॉल्विट्झ (१८६७–१९४५) यांनी ते काम अंगावर घेतले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा पीटर १८ वर्षांचा होता. सैन्यात जाण्यास वडिलांची संमती हवी होती. वडील कार्ल तयार नव्हते. आईनेच त्यांचे मन वळविले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पीटर बेल्जियममध्ये मारला गेला. दोष केवळ शत्रूवर टाकून कॅथे यांना मोकळे होता आले असते. पण आपण दिलेला होकार त्या विसरल्या नाहीत.

या वेदनेतून 'युद्ध' ही ७ चित्रांची मालिका १९२१–२२ च्या सुमारास तयार झाली. ही चित्रे लाकडी फळीवर कोरून कागदावर उठविलेली आहेत. अशा ठशाच्या अनेक प्रती निघतात, म्हणून ते सामान्य माणसापर्यंत पोहोचू शकते. लढाईचा देखावा एकाही चित्रात नाही. एका चित्रात आई आपले तान्हे मूल अर्पण करते आहे. दुसऱ्यात ढोल वाजविणाऱ्या मृत्यूमागे तरुण निघाले आहेत. त्यांत पीटरही आहे.

मुलाच्या स्मारकासाठी त्यांनी तब्बल १८ वर्षे घेतली. आधी त्यात मुलाची मूर्ती होती. पुढे ती त्यांनी काढून टाकली. १९३२ साली उभे राहिले ते गुडघे टेकलेले आईबाप. आज ही शिल्पे बेल्जियममधील व्लाड्स्लो येथील सैनिकांच्या दफनभूमीत आहेत.

१९३३ साली नाझी राजवटीने त्यांना कला अकादमी सोडावयास लावली. तरीही १९४२ साली त्यांनी 'पेरणीचे बियाणे दळू नये' हे शिळाछाप चित्र केले. त्यात आई मुलांना आपल्या कवेत झाकून धरते. त्याच वर्षी त्यांचा नातू, त्याचेही नाव पीटर, युद्धात मारला गेला.

चित्राने युद्ध थांबले नाही, हे खरे. परंतु मुलाला रणात धाडण्यास होकार देण्यापूर्वी माणसाने थांबून विचार करावा, एवढे बळ या चित्रांत निश्चितच आहे.

अभ्यासासाठी प्रश्न : स्मारकातून मुलाची मूर्ती काढल्याने त्याचा अर्थ कमी झाला की वाढला?