वाखाच्या भांगेचे सुधारलेले वाण : पैदास, प्रसार व बोध

वाखाची पिके म्हटली की आपल्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांपुढे अंबाडी व ताग ही पिके उभी राहतात. युरोपात मात्र दोरखंड व शिडाचे कापड यांसाठी शतकानुशतके भांगेच्या झाडाचा वाख वापरला गेला. या पिकाचे वाण कसे सुधारले गेले, हे बियाण्याचे महत्त्व जाणू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासण्याजोगे आहे.

पैदाशीतील अडचण

भांगेत नर व मादी झाडे निराळी असतात आणि पराग वाऱ्याबरोबर दूरवर वाहून जातो. शेतकरी उत्तम मादी झाडाचे बी राखून ठेवी. परंतु त्या बियाचा बाप कोण, हे त्यास ठाऊक नसे. नर झाड कापून त्याचा वाख तपासावा, तोवर त्याचा पराग शेतभर पसरलेला असे. आईची निवड होई, बापाची होत नसे. त्यामुळे सुधारणेची गती मंद राहिली.

ब्रेडेमान यांची पद्धत

जर्मन शास्त्रज्ञ ब्रेडेमान यांनी यावर साधा उपाय योजिला. नर झाड फुलण्यापूर्वी त्याचे खोड उभे चिरून अर्धा भाग काढून घ्यावयाचा व त्यातील वाखाचे प्रमाण तपासावयाचे. उरलेल्या अर्ध्या खोडावर झाड जिवंत राहते. ज्यांचा वाख कमी भरेल ती झाडे पराग सुटण्यापूर्वीच उपटून टाकावयाची. या निवडीने काही दशकांत खोडातील वाखाचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढले. हंगेरीत कोम्पोल्ट येथे फ्लाइशमान यांनी इटालियन भांगेपासून निवडलेल्या वाणावर याच पद्धतीने काम होऊन १९५४ साली 'कोम्पोल्टी' हा वाण नोंदला गेला. तेथील पैदासतज्ज्ञ इव्हान बोचा यांनी हे कार्य पुढे अनेक वर्षे चालविले.

शेतकऱ्यांनी काय स्वीकारले?

नर झाडे मादी झाडांपेक्षा आधी वाळतात. म्हणून पूर्वी एकाच शेतात दोनदा कापणी करावी लागे. मजुरी महागली व यंत्रे आली, तेव्हा हे परवडेना. एकाच झाडावर नर व मादी फुले येणारे वाण जर्मनीत व पुढे फ्रान्समध्ये तयार झाले. पीक एकसमयी पक्व होऊ लागले, यंत्राने कापता आले, आणि वाखासोबत बीही पदरात पडले. शेतकऱ्याने वाण स्वीकारला तो केवळ उत्पन्नासाठी नव्हे, तर आपली अडचण दूर झाली म्हणून.

परंतु या वाणांत एक उणीव आहे. बीजोत्पादनाच्या शेतातील नर झाडे दर पिढीत उपटली नाहीत, तर थोड्याच पिढ्यांत पीक पुन्हा नर व मादी असे विभागले जाते. म्हणून तेथील शेतकरी प्रमाणित बियाणेच घेतात. शिवाय युरोपीय संघात केवळ नोंदलेल्या वाणांनाच अनुदान मिळते. त्यांतील मादक द्रव्याचे प्रमाण २०२३ पासून ०.३ टक्क्यांहून अधिक चालत नाही.

कायद्याचे भान

आपल्या देशात १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यान्वये परवान्यावाचून भांगेच्या झाडाची लागवड करणे गुन्हा आहे. उत्तराखंडात २०१८ साली वाखाच्या भांगेस परवाना देण्यात आला, तोही ०.३ टक्क्यांच्याच मर्यादेत. जाहिरातीस भुलून कोणी असे बियाणे आणीत असल्यास ग्रामसेवकांनी त्यास वेळीच सावध करावे. पीक तर जाईलच, पण खटलाही मागे लागेल.

आपण घ्यावयाचा बोध

१. बाजरीसारख्या परपरागित पिकात शेजारच्या शेताचा पराग येतोच. बीजोत्पादनासाठी पुरेसे विलगीकरण अंतर राखावे.

२. भेसळ झाडे फुलण्यापूर्वी उपटावीत. फुलोऱ्यानंतर उपटणे म्हणजे चोर गेल्यावर दार लावणे होय.

३. संकरित वाणाचे घरचे बी पुन्हा पेरू नये.

४. नवा वाण सुचविताना शेतकऱ्याची कोणती अडचण तो दूर करील, हे आधी पाहावे.

वाण एकदा तयार केला म्हणजे काम संपले असे नाही. तो दरवर्षी राखावा लागतो. हे राखण्याचे काम प्रयोगशाळेइतकेच आपल्या बांधावरही होत असते.