न दिसणारे ओझे

पुण्याहून बंगळुरूकडे जाणारा महामार्ग नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरतो, तेथेच शिरवळ हे गाव आहे. या मार्गावर रात्रंदिवस मालमोटारींची रीघ लागलेली असते. पुढे खंबाटकीचा घाट असल्यामुळे कित्येक चालक येथे घटकाभर विसावतात. कोणी चहा घेतो, कोणी चाकांवर दांडके आपटून त्यांतील हवेचा अंदाज घेतो, तर कोणी सैल झालेली ताडपत्री ताणून दोर पुन्हा आवळतो.

माल भिजू नये म्हणून ही खटपट चालली आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. ते खरेच आहे. परंतु त्या आवळलेल्या दोराने आणखी एक काम साधते. वजनकाट्यावर कधीही न दिसणारे एक ओझे त्यामुळे हलके होते. ते ओझे म्हणजे वारा.

हवा आपणांस पोकळ वाटते. वस्तुतः एक घनमीटर हवेचे वजन एक किलोहून अधिक भरते. धावणाऱ्या गाडीला ही हवा क्षणोक्षणी बाजूला सारून वाट काढावी लागते. नदीच्या गुडघाभर पाण्यातून सावकाश चालणाऱ्याला पाणी सहज वाट देते. तोच धावू लागला, की तेच पाणी त्याचे पाय धरून ठेवते. हवेचेही तसेच आहे. गाडीचा वेग दुप्पट झाला, तर हवेचा विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरवरून ८० किलोमीटरवर जाताना वेग एक तृतीयांशानेच वाढतो; विरोध मात्र पावणेदोन पटींहून अधिक होतो. त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती शेवटी इंधनातूनच येते.

हवा गाडीला केवळ पुढूनच अडवते असे नाही. चौकोनी पाठीची गाडी पुढे निघून गेली, तरी तिच्यामागे हवा लगेच सांधली जात नाही. तेथे भोवरे उठतात, दाब कमी होतो आणि गाडी जणू मागे खेचली जाते. एसटीच्या मागील काचेवर धुळीचे दाट पुट चढलेले आपण पाहतो, ते या भोवऱ्यांमुळेच. मासा मात्र पाण्यातून सहज सरकतो, कारण त्याचे अंग पुढे गोलसर आणि मागे निमुळते असते.

वाऱ्याचा हा खेळ अमेरिकेतील एका सायकलस्वाराने नेमका हेरला. त्यांचे नाव एडविन सॉल्ट्झमन. ते नासा या संस्थेत विमानांच्या संशोधनाचे काम करीत. १९७३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील वाळवंटी प्रदेशातून सायकलने कामावर जाताना त्यांना एक अनुभव वारंवार येई. मोठी मालमोटार शेजारून जाऊ लागली, की वारा त्यांना आधी दूर लोटी आणि लगेच गाडीकडे ओढी. इतरांनी सायकल सावरून पुढचा रस्ता धरला असता. सॉल्ट्झमन यांनी मात्र विचार केला, की एवढी हवा ढकलण्यात किती इंधन व्यर्थ जात असेल!

त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक व्हॅन घेतली आणि तिच्याभोवती अॅल्युमिनियमचे सपाट पत्रे बसवून तिला खोक्याचा आकार दिला. ती वेगाने नेऊन, गिअर काढून, मोकळी सोडायची आणि तिचा वेग किती लवकर उतरतो हे मोजायचे, अशी त्यांची रीत होती. पुढे त्यांनी खोक्याचे कोपरे गोल केले आणि पुन्हा मोजले. हवेचा विरोध निम्म्याने घटला होता! इंजिन तेच, वजनही जवळजवळ तेवढेच. बदलला होता तो केवळ आकार.

मग शिरवळमधील एखाद्या टेंपोमालकानेही घरी पत्रे ठोकून गाडीचा आकार बदलावा काय? मुळीच नाही. सॉल्ट्झमन यांचा प्रयोग तज्ज्ञांनी मोकळ्या जागी केलेला होता. रहदारीत एखादा पत्रा निखळला, तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतेल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ देखील गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा फेरफार करण्यास मनाई करते. परंतु नवे काही जोडण्यापूर्वी असलेले अडथळे दूर करणे प्रत्येकाच्या हाती आहे. टपावरचे रिकामे कॅरिअर उतरवून ठेवावे. ताडपत्री फडफडू देऊ नये. चाकांत योग्य तेवढी हवा असावी. सर्वांत मोठा उपाय तर फुकटचा आहे: वेग आवरावा.

घाटात मात्र हिशेब बदलतो. तेथे गाडी सावकाश चालते. म्हणून वाऱ्यापेक्षा वजनाचा जाच अधिक. सपाटीवर वारा भारी, चढावर वजन भारी. यासाठी विनाकारण बाळगलेले जड सामान घरीच ठेवणे शहाणपणाचे ठरते. काही चालक इंधन वाचावे म्हणून उतारावर इंजिन बंद करतात. ही काटकसर नव्हे, आत्मघात होय. कारण इंजिन बंद पडताच ब्रेकची शक्ती उणावते. शिवाय हल्लीच्या गाड्या गिअरमध्ये असताना चालकाने पाय उचलला, तर उतारावर इंजिनाला इंधन जवळजवळ जातच नाही. जेथे बचतही होत नाही, तेथे जीव धोक्यात का घालावा?

केलेल्या उपायाचा गुण आला की नाही, हे मनाला विचारून कळत नाही. ते मोजावे लागते. टाकी एका खुणेपर्यंत भरावी, नेहमीच्या रस्त्याने जाऊन यावे आणि त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरून किती इंधन लागले ते वहीत लिहावे. जाऊन येण्याने चढ-उतारांचा आणि वाऱ्याच्या दिशेचा फरक बराचसा फिटतो. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर यश कोणाचे हे समजत नाही. अनेक दिवसांच्या नोंदी एकच गोष्ट सांगू लागल्या, म्हणजे तिच्यावर विश्वास ठेवावा.

आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी चार पंचमांशांहून अधिक तेल परदेशांतून येते. पहाटे भाजी घेऊन पुण्याच्या बाजारास निघालेल्या टेंपोच्या टाकीतही तेच तेल असते आणि त्याची किंमत त्या घराच्या मिळकतीतून जाते. म्हणून शिरवळला थांबून दोर आवळणारा चालक आपल्या घरासाठी आणि देशासाठी एकाच वेळी काटकसर करीत असतो. वाऱ्याला जिंकता येत नाही. त्याला वाट करून देता येते.

स्वाध्याय

१. एसटीच्या मागील काचेवर धूळ का साचते?
२. ‘सपाटीवर वारा भारी, चढावर वजन भारी’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
३. समजा, एक टेंपो १२ लिटर डिझेलमध्ये १८० किलोमीटर जातो. टपावरचे कॅरिअर उतरविल्यावर तो तेवढ्याच डिझेलमध्ये १९२ किलोमीटर गेला. एका लिटरमागे किती किलोमीटरांचा लाभ झाला? एवढ्या एकाच नोंदीवर विश्वास ठेवावा का? कारण लिहा.