क्लास लावू की नको?

मामा गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाला. घरच्यांनी त्याला डीएसएलआर कॅमेरा घेऊन दिला. भाची एका वर्तमानपत्रासाठी फोटो काढते, त्यामुळे हा प्रश्न तिच्याकडे येणारच होता.

मामा: कोपऱ्यावर पाटी लागली आहे. नवशिक्यांसाठी डिजिटल फोटोग्राफी, शनिवार-रविवार, दोन महिने. लावू का क्लास?

भाची: आधी फोटो दाखव.

मामा: अगं, फोटो धड येत नाहीत म्हणून तर क्लास!

भाची: म्हणूनच दाखव.

मामा: घे. नातीचा नाच. नाट्यगृह, बारावी रांग. ह्यात तिचा चेहरा कुठे आहे ते तूच सांग.

भाची: थांब, माहिती उघडते. शटर १/१५, अ‍ॅपर्चर एफ ५.६, आयएसओ ८००. अरे मामा, सेकंदाच्या पंधराव्या भागात गिरकी संपत नाही! १/२५० तरी हवा होता.

मामा: तुला कसं कळलं? तू तर तिथे नव्हतीस.

भाची: फाइलमध्येच नोंद असते, एक्झिफ म्हणतात तिला. रोलच्या काळात शिकणारे लोक वही बाळगायचे, कुठल्या फ्रेमला काय ठेवलं ते लिहायला. तुझा कॅमेरा ती वही स्वतःच लिहितो. उघडत कुणी नाही, एवढंच.

मामा: मग त्यानेच १/२५० का नाही ठेवला? मी ‘ऑटो’वर सोडला होता.

भाची: उजेड कुठून आणेल तो? १/१५, १/३०, १/६०, १/१२५, १/२५०. चार पायऱ्या झाल्या, आणि दर पायरीला उजेड निम्मा. शेवटी सोळावा हिस्सा उरतो. तो भरून काढायला एक तर आयएसओ वाढव. ८००चा १२८०० केलास तर फोटो रवाळ होईल. नाही तर जास्त उघडणारी लेन्स आण. तुझी ही १८-५५ झूम पूर्ण पुढे नेली की एफ ५.६च्या वर उघडतच नाही.

मामा: म्हणजे एफ ८ वाली घ्यायची?

भाची: उलट! इथे सगळेच अडखळतात. तो आकडा भागाकारातला आहे. फोकल लेंग्थ भागिले छिद्राचा व्यास. छिद्र मोठं, तर आकडा लहान. ५० मिलिमीटरची साधी लेन्स एफ १.८पर्यंत उघडते. उजेड छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणजे व्यासाच्या वर्गावर. ५.६ला १.८ने भाग आणि वर्ग कर.

मामा: जवळजवळ दहा. पण आपल्याला तर सोळापट हवा होता.

भाची: बँकवाला तो बँकवालाच! उरलेला आयएसओवर टाकायचा. ८००चा १६०० केलास की झालं. रवाळपणा फारसा जाणवणार नाही.

मामा: आणि फ्लॅश?

भाची: कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश काही मीटरांपलीकडे पोचत नाही. बाराव्या रांगेतून त्याने पुढच्यांची टकलं तेवढी उजळतील. दुसरा दाखव.

मामा: पालखी. वारकऱ्यांचे सदरे पांढरेशुभ्र होते गं, इथे मळकट राखाडी दिसतायत.

भाची: समोर जे काही आहे त्याची सरासरी मध्यम राखाडी येते, असं कॅमेऱ्याचं मीटर धरून चालतं. चौकटभर पांढरं आलं की त्याला वाटतं, उजेड फार झाला. मग तो कमी करतो. चौकटभर काळी म्हैस आली तर वाढवतो, आणि म्हैसही राखाडीच होते. ते अधिक-उण्याचं बटण आहे ना, वारकऱ्यांसाठी ते अधिक एकवर ने, म्हशीसाठी उणे एकवर.

मामा: झालं की मग! दोन महिन्यांचा क्लास तू चहा संपायच्या आत उरकलास. पैसे वाचले.

भाची: एवढ्यात नको वाचवूस. हा तिसरा कुठला? मंडई का?

मामा: हो, भाजीवाली. ह्यात मात्र काही चुकलं नाही. स्वच्छ आहे, उजेड बरोबर आहे.

भाची: खरंच काही चुकलेलं नाही. तरी पुन्हा बघावासा वाटतो का तुला?

मामा: नाही वाटत. का बरं?

भाची: तू उभा, ती बसलेली, म्हणून कॅमेरा तिच्या डोक्यावरून खाली बघतोय. ती बरोबर मध्यभागी आणि एवढीशी. मागे दिवे, पिशव्या, कुणाचं तरी कोपर. नजर टिकेल असं ह्यात एकही ठिकाण नाही. जवळ का नाही गेलास?

मामा: संकोच वाटला. फोटो काढू का म्हणून विचारायचं कसं?

भाची: हे आहे क्लासचं काम. शटर, अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याबरोबरच्या पुस्तिकेत आहे, यूट्यूबवर मराठीतसुद्धा आहे. तेवढ्यासाठी फी भरलीस तर मी म्हणेन, फुकट गेली. पण ‘मामा, खाली बसा, तिच्याशी दोन शब्द बोला, मग काढा’ असं म्हणणारा माणूस शेजारी लागतो. नंतर तोच फोटो चारचौघांत भिंतीवर लावून कोपर दाखवणारा लागतो. स्वतःच्या फोटोतलं कोपर स्वतःला दिसत नाही. आपल्याला तो क्षण आठवत असतो, फोटो आपण बघतच नाही.

मामा: पण पूर्वी क्लास कुठे होते? फोटो स्टुडिओवाले बापाच्या हाताखाली शिकले.

भाची: होते की! मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ सालीच फोटोग्राफी शिकवत होते. हरिश्चंद्र चिंतामण तिथेच शिकले आणि पुढे व्यावसायिक फोटोग्राफर झाले. तेव्हा शिकवणाऱ्यावाचून गत्यंतर नव्हतं. रसायनं कालवायची, अंधाऱ्या खोलीत काम करायचं, आणि चुकलं की हाती काहीच नाही. आता चुकलं तरी फोटो येतोच. सुधारायला वेळ लागतो तो ह्यामुळे.

मामा: मग मोबाइल काय वाईट? नातीचे फोटो सुनेच्या फोनवर माझ्यापेक्षा बरे आले.

भाची: येणारच. फोन एका दाबात अनेक फ्रेम घेतो, त्या एकावर एक बसवतो आणि काय उजळ, काय गडद ते ठरवून मोकळा होतो. घरगुती आठवणीच हव्या असतील तर फोन पुरे, क्लास लावू नकोस आणि कॅमेराही कुणाला तरी देऊन टाक. हे ठरवणं तुला स्वतःला करायचं असेल, तरच ह्या वजनाला अर्थ आहे.

मामा: करायचं आहे. मंडईतला फोटो मला खरंच हवा होता.

भाची: मग पाटीवरचा नंबर फिरव. किती जण असतात ते विचार. पंचवीस म्हणाला तर तुझ्या फोटोकडे बघायला त्याला सवड होणार नाही. बाहेर नेतो का, तेही विचार. पण बागेत एक मॉडेल उभी करून सगळ्यांनी तिच्याभोवती कोंडाळं करायचं, तसल्या सहली नकोत. लाइट सरांनी लावलेला, पोज सरांनी दिलेली. घरी येताना सगळ्यांच्या कार्डात एकच फोटो.

मामा: पाटीवर ‘सर्टिफिकेट मिळेल’ असं ठळक लिहिलंय.

भाची: तुला नोकरीला लागायचंय का? आणि पहिल्याच तासाला अमुक लेन्स घ्या म्हणाला, तर त्याचं दुकान कुठे आहे ते बघ.

मामा: तुम्ही पेपरवाले भारी संशयी!

भाची: बरं, एकच प्रश्न विचार. पहिल्या दिवशी माझे दहा फोटो घेऊन येऊ का? ‘या’ म्हणाला तर फी भरून टाक.

मामा: आणि ‘आधी थिअरी होऊ द्या’ म्हणाला तर?

भाची: तर रविवारी सकाळी साडेसातला मंडईत ये. कॅमेरा माझ्या गळ्यात राहील. तू आधी नुसती भाजी घ्यायची, चार-पाच जणींकडून, गप्पा मारत.

मामा: आणि फोटो?

भाची: पिशवी भरली की देईन कॅमेरा.