क्रांती गौड ‘एकदम’ कुठून आली?

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र. आपल्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदाच विश्वचषक जिंकला आणि एकच जल्लोष झाला. त्या गर्दीत कुणीतरी विचारलं, “ही नवा बॉल टाकणारी क्रांती गौड कोण रे? एकदम कुठून आली?”

मित्रांनो, प्रश्न साधा आहे, पण उत्तरात ‘एकदम’ काहीच नाही. म्हणून हा लेख.

क्रांतीचा जन्म २००३ चा. गाव घुवारा, जिल्हा छतरपूर, मध्य प्रदेश. म्हणजे बुंदेलखंड. सहा भावंडांत ती सर्वांत धाकटी. घरची परिस्थिती ओढाताणीची. गावात मुलींचा संघ असण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे ती मुलांबरोबर टेनिस बॉलने खेळायची. पुढे छतरपूरचे प्रशिक्षक राजीव बिल्थरे यांनी तिची गोलंदाजी पाहिली. त्यांनी फी घेतली नाही आणि खेळाच्या साहित्यालाही मदत केली. इथून तिचा लेदर बॉलचा अभ्यास सुरू झाला.

टेनिस बॉल आणि लेदर बॉल यांत नेमका फरक काय? आपण सगळे ग्राउंडवर टेनिस बॉलनेच खेळतो. तो हलका असतो, त्याला उभी शिवण नसते. तिथे जोरात हात फिरवला की काम झालं. महिला क्रिकेटचा लेदर बॉल १४० ते १५१ ग्रॅमचा असतो (पुरुषांचा साधारण १५६ ते १६३). त्याला शिवण असते आणि खरा खेळ त्या शिवणीचा आहे.

फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात आपण बाउंडरी लेयर पाठ करतो, ती इथे कामाला येते. शिवण थोडी तिरकी धरून बॉल टाकला की शिवणीच्या बाजूची हवा खवळते, म्हणजे टर्ब्युलंट होते आणि बॉलला जास्त वेळ चिकटून राहते. दुसऱ्या गुळगुळीत बाजूची हवा लवकर सुटते. दोन्ही बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि बॉल शिवणीच्या दिशेने वळतो. यालाच स्विंग म्हणतात. गंमत अशी, की असा स्विंग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास उत्तम मिळतो आणि महिला वेगवान गोलंदाजांचा वेग साधारण तेवढाच असतो! म्हणजे ‘मुलींचा वेग कमी’ म्हणून हसणाऱ्यांनी जरा पुस्तक उघडून बघावं.

आता हिशेब करू. हातातून सुटल्यावर बॉल बॅटपर्यंत अंदाजे १८ मीटर जातो. ताशी ११० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ३०.५ मीटर. फलंदाजाला मिळाले जेमतेम ०.६ सेकंद, आणि त्यातही बॉल उशिरा वळला तर? पण मनगट प्रत्येक वेळी सरळ, शिवण प्रत्येक वेळी उभी, हे साधायला हजारो बॉल टाकावे लागतात. तेही लेदर बॉलनेच.

नुसता सराव करूनही भागत नाही, सामने लागतात. जिल्हा, विभाग, राज्य अशी ही शिडी आहे. यातली एक पायरी जरी नसली तरी गुणी मुलगी गावातच राहते. वरच्या पायऱ्याही पूर्वी फार कमी होत्या. २००६ मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयकडे आलं. त्याआधीच्या खेळाडूंना पैसा आणि सोयी फारशा नव्हत्या. झुलन गोस्वामी सरावासाठी चकदाहहून पहाटेच्या लोकलने कोलकात्याला जायची. देशांतर्गत स्पर्धांत वर्षानुवर्षं रेल्वेचा संघच भारी, कारण रेल्वेत नोकरी मिळायची.

ही मक्तेदारी मोडत मध्य प्रदेशने २०२४-२५ ची सीनियर महिला एकदिवसीय स्पर्धा जिंकली. डिसेंबर २०२४ च्या अंतिम सामन्यात त्यांनी बंगालला हरवलं. क्रांतीच्या माऱ्याचा त्यात मोठा वाटा होता. हा सामना आपल्यापैकी किती जणांनी पाहिला? त्याच महिन्यात डब्ल्यूपीएलच्या लिलावात यूपी वॉरियर्सने तिला १० लाखांना, म्हणजे मूळ किमतीलाच घेतलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूत दिल्लीविरुद्ध तिने २५ धावांत ४ बळी घेतले. मे महिन्यात कोलंबोत श्रीलंकेविरुद्ध ती भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळली.

आणि मग २२ जुलै २०२५, चेस्टर-ली-स्ट्रीट. भारत ३१८. क्रांतीने सुरुवातीलाच एमी जोन्सचा त्रिफळा उडवला, टॅमी ब्यूमाँटला पायचीत केलं. इंग्लंड २ बाद ८! शेवटी ५२ धावांत ६ बळी घेऊन तिने सामना आणि मालिका मिळवून दिली. तिचा तो फक्त चौथा एकदिवसीय सामना होता. विश्वचषकात पाकिस्तानविरुद्ध १० षटकांत २० धावा देऊन ३ बळी घेतले आणि सामनावीरही तीच ठरली.

म्हणजे लोकांना ती जुलैत दिसली. तिचं घडणं मात्र कितीतरी आधीचं, प्रेक्षक नसलेल्या मैदानांवरचं. डिसेंबर २०२५ मध्ये बीसीसीआयने देशांतर्गत सीनियर महिला सामन्यांचं मानधन दिवसाला २० हजारांवरून ५० हजार केलं, ते याच मैदानांसाठी. उशिरा का होईना, बरं झालं.

आता थोडं आपल्याबद्दल. त्या रात्री टीव्ही रूममध्ये नाचलेल्या आपणा सर्वांना ठाऊक आहे, की संध्याकाळी ग्राउंडचं पिच कुणाकडे असतं. लेडीज हॉस्टेलच्या मुलींना बॅट मिळते ती गॅदरिंगच्या आधी आठ दिवस आणि बॉल मिळतो टेनिसचा. नंतर आपणच म्हणतो, “यांना कुठे इंटरेस्ट असतो?” बिल्थरे सरांनी फार मोठं काही केलं नाही. एका मुलीला नेटमध्ये जागा दिली आणि हातात खरा बॉल दिला. आठवड्यातून दोन संध्याकाळी पिच मोकळं ठेवणं आणि एक लेदर बॉल देणं एवढं आपल्यालाही जमेल. जिमखान्याच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय कोण मांडणार, सांगा!