उकडलेल्या अंड्याचें टरफल

स्वयंपाकघर ही घरोघरची प्रयोगशाळा होय, असें आम्ही वर्गांत नेहमीं सांगत असतों. तेथील एक अगदीं किरकोळ वाटणारा प्रश्न आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावयाचा आहे. एकाच पातेल्यांत उकडलेल्या अंड्यांपैकीं एकाचें टरफल दोन बोटांनीं अलगद सुटतें आणि दुसऱ्याचें मात्र पांढऱ्या भागाचे लचके घेऊनच निघतें. असें कां व्हावें? ज्यांच्या घरीं अंडीं वर्ज्य आहेत त्यांनींही हा लेख वाचण्यास हरकत नाहीं. कारण येथें मुख्य विचार आहे तो कार्यकारणभावाचा.

प्रश्न दिसतो तितका किरकोळही नाहीं. नोव्हेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्र शासनानें शालेय पोषण आहारांत आठवड्यांतून एक दिवस अंडें, व जीं मुलें अंडें खात नाहींत त्यांस केळें किंवा दुसरें फळ, देण्याचा निर्णय घेतला. पुढें जानेवारी २०२५ मध्यें अंड्यांसाठीं शासकीय निधि देण्याचें थांबविण्यांत आलें, आणि शाळांस अंडीं द्यावयाचीं झाल्यास तीं लोकसहभागांतून द्यावीं असें ठरलें. ज्या मुलाच्या वाट्यास आठवड्याकांठीं एखादेंच अंडें येतें, त्याच्या दृष्टीनें त्याचा प्रत्येक तुकडा मोलाचा आहे. अंड्याच्या वजनांत सुमारें साठ टक्के भाग पांढऱ्या बलकाचा, तीस टक्के पिवळ्याचा व दहा टक्के टरफलाचा असतो. एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम प्रथिनें असतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पांढऱ्या भागांत असतात. तेव्हां टरफलाबरोबर जो पांढरा भाग केरांत जातो, तो त्या मुलाच्या तोंडचा घांस होय.

प्रथम अंड्याची रचना पाहूं. टरफल बहुतांशीं कॅल्शियम कार्बोनेटचें, म्हणजे ज्या द्रव्याची चुनखडी बनते त्याच द्रव्याचें, बनलेलें असतें. त्यास डोळ्यांस न दिसणारीं हजारों छिद्रें असतात. टरफलाच्या आंत दोन पातळ पापुद्रे असतात. एक टरफलास धरून असतो, दुसरा पांढऱ्या बलकास वेढून असतो. अंड्याच्या रुंद टोकाशीं हे दोन पापुद्रे एकमेकांपासून विलग झालेले असून त्यांच्यामध्यें हवेची लहानशी पोकळी असते. सोलतांना खरी अडचण टरफलाची नसून आंतल्या पापुद्र्याची असते. शिजलेला बलक त्यास चिकटून बसला कीं टरफलामागोमाग पापुद्रा व पापुद्र्यामागोमाग बलक, अशी सर्व मंडळी एकत्र निघते.

बलक चिकटण्याचीं मुख्य कारणें दोन. पहिलें कारण म्हणजे अंड्याचा अतिशय ताजेपणा. नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकांत कार्बन डायॉक्साइड वायु विरलेला असतो. तो टरफलाच्या छिद्रांतून हळुहळू निघून जातो व बलक अधिकाधिक अल्कधर्मी होत जातो. बलक जितका अल्कधर्मी, तितकी पापुद्र्यावरील त्याची पकड सैल. म्हणून परसांतल्या कोंबडीनें सकाळीं घातलेलें गावरान अंडें दुपारीं उकडलें, तर गृहिणीची फजिती ठरलेलीच! उष्णतेंत हा वायु लवकर निघून जातो. आपल्या मराठवाड्यांत उन्हाळ्याचा पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. त्या दिवसांत सावलीच्या गार जागीं दोन-तीन दिवस ठेवलेलें अंडें सोलण्यास पुरेसें सुटें होतें. शीतकपाटांत ठेवल्यास आठवडाभर लागतो. मात्र सुटें व्हावें म्हणून अंडें फार दिवस ठेवून नासवूं नये. पाण्याच्या भांड्यांत सोडलेलें ताजें अंडें तळाशीं आडवें पडतें; आंतील पाण्याचा अंश उडून हवेची पोकळी मोठी झाली कीं तें उभें राहतें; आणि तरंगूं लागलें तर तें खाऊं नये.

दुसरें कारण म्हणजे उकडण्याचा आरंभ. थंड पाण्यांत अंडीं ठेवून खालीं जाळ केला, म्हणजे पांढऱ्या बलकांतील प्रथिनें सावकाश थिजतात व पापुद्र्याशीं घट्ट जोडलीं जातात. तेंच अंडें खळखळत्या पाण्यांत सोडलें, तर बलकाचा बाहेरील थर एकदम थिजून आवळतो व पापुद्र्यास फारसा चिकटत नाहीं. तात्पर्य, अंडीं आधणांत सोडावीं. अंड्यांवर आधण आणूं नये.

आतां प्रत्यक्ष कृति. शीतकपाटांतील अंडीं अर्धा तास आधीं बाहेर काढून ठेवावीं, म्हणजे एकाएकीं तापून तडकत नाहींत. पाण्यास आधण आलें कीं झाऱ्यानें एकेक अंडें अलगद आंत सोडावें व जाळ मंद करून ११ ते १२ मिनिटें उकडूं द्यावें. येथें भूगोलाचाही थोडा संबंध येतो. उंची वाढते तसें पाणी कमी उष्णतेवर उकळतें. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारें ३६० मीटर उंचीवर आहे, तेथें पाणी सुमारें ९९ अंशांवर उकळतें. लातूर सुमारें ६३० मीटर उंचीवर, तेथें सुमारें ९८ अंशांवर. हा फरक अर्ध्या मिनिटानें भरून निघतो. महाबळेश्वरीं मात्र याहून अधिक वेळ द्यावा लागेल.

लातूरकरांस पाण्याची किंमत सांगावयास नको. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून पाणी भरून आलेली पहिली आगगाडी लातूर स्थानकांत लागली, तेव्हां तिच्या दहा डब्यांत सुमारें पांच लक्ष लिटर पाणी होतें. तें दृश्य पाहिलेल्या पिढीनें अंडीं वाफेवर उकडावीं हें आम्ही मुद्दाम सुचवितों. मोदकपात्रांत दोन बोटें पाणी घालावें, वाफ जोरानें येऊं लागली कीं जाळीवर अंडीं ठेवून झांकण लावावें व १२ ते १३ मिनिटें राहूं द्यावीं. वाफेचा चटका आधणासारखाच एकदम बसत असल्यानें टरफल तितकेंच सुटें निघतें, आणि पाणी व इंधन दोन्ही वांचतात.

उकडून झालेलीं अंडीं लगेच थंड पाण्यांत टाकावीं. उन्हाळ्यांत गच्चीवरील टाकीचें पाणी स्वतःच तापलेलें असतें, म्हणून माठांतील पाणी घ्यावें. पुरतीं निवल्यावर अंड्यास सर्व बाजूंनीं हलकेच टिचक्या द्याव्या व रुंद टोकाकडून सोलावयास आरंभ करावा. तेथें पोकळी असल्यामुळें पापुद्रा सहज बोटांत येतो. पाण्यांत धरूनच सोलल्यास पाणी पापुद्र्याखालीं शिरून मदत करतें. तें पाणी नंतर फुलझाडांस घालावें. सोललेलीं अंडीं उन्हाळ्यांत एका तासाच्या आंत खाऊन टाकावीं हें उत्तम.

पाण्यांत मीठ घालावें, सोडा घालावा, शिरका घालावा, असे नाना उपाय सांगितले जातात. मिठानें इतकेंच होतें कीं अंडें तडकल्यास बाहेर येणारा बलक लवकर थिजतो. शिरका टरफल विरघळवितो खरा, पण त्यास कित्येक तास लागतात. दहा-बारा मिनिटांत तो फारसें कांहीं करीत नाहीं. सोड्याचाही फारसा उपयोग होत नाहीं. जास्त वेळ उकडावें म्हणजे टरफल सुटतें, ही समजूतही चुकीची आहे. त्यानें बलक चिवट होतो आणि पांढऱ्या भागांतील गंधक व पिवळ्यांतील लोह यांचा संयोग होऊन पिवळ्या बलकाभोंवतीं हिरवट कडें दिसूं लागतें. तें अपायकारक नाहीं, परंतु चव बिघडते.

विद्यार्थीमित्रहो, आम्ही सांगितलें म्हणून हें खरें मानूं नका. घरीं एकाच दिवशीं आणलेलीं बारा अंडीं घ्या. सहा थंड पाण्यांत ठेवून तापवा, सहा आधणांत सोडा. दोन्हींस उकळीचा वेळ सारखाच द्या. कोणतें अंडें कोणत्या पातेल्यांतलें, हें सोलणारास कळूं देऊं नका. आणि किती साबूत निघालीं, कितींचे लचके गेले, हें वहींत मांडा. एका अंड्यावरून सिद्धान्त बांधूं नये, अनेकांवरून बांधावा. शास्त्र याहून निराळें नाहीं.

लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायांत बापाजवळ अंडें मागणाऱ्या मुलाचा दाखला आहे. लेकरानें मागितलेली चांगली वस्तु त्यास द्यावी, हें जगांतील आईबापांस कोणी शिकवावें लागत नाहीं. शाळेच्या पंक्तींत वाढणाऱ्या हातांनीं व घरच्या माउलीनें एवढेंच अधिक ध्यानांत ठेवावें कीं, जें द्यावयाचें तें पुरतें त्याच्या ताटांत पडावें. त्यांतील निम्मा घांस केरांत जाऊं नये.